पाच मिलिमीटर जाडीचा वाद

माझा धाकटा भाऊ आणि माझी लेक यांचं विमानांवरून कधी पटलेलं नाही. भाऊ कॉलेजात असताना एनसीसीच्या एअर विंगमध्ये मॉडेल विमानं करायला शिकला. बाल्साचं लाकूड, टिश्यू पेपर, त्यावर लावायचं डोप नावाचं लॅकर आणि मुठीत मावणारं डिझेल इंजिन यांवर त्याचा जीव. लेक मेकॅनिकल इंजिनिअर आहे. शनिवारी दुपारी ती एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांकडून फोमबोर्डची, विजेच्या मोटरवर उडणारी, रेडिओवर चालणारी विमानं करून घेते. मी भौतिकशास्त्राची शिक्षिका, म्हणून निवाडा माझ्याकडे येतो. मुलांच्या हातात काय द्यावं, कधी द्यावं आणि ते मोडलं तर पुढे काय, हे प्रश्न या वादात गुंतलेले आहेत, म्हणून तो घराबाहेर न्यावासा वाटला. दिवाळीत दोघं समोरासमोर बसले तेव्हाचं बोलणं इथे उतरवलं आहे. मध्ये मध्ये मीही बोलले आहे.

मामा: तुझ्या मुलांची विमानं बघितली मी. आकाशात बरी दिसतात, पण हातात घेतली की जीव हळहळतो. बोर्ड दुमडला, गरम गोंद ओतला, झाला पंख! आम्ही एकेक रिब कापायचो, सगळ्या एकत्र जखडून पॉलिश पेपरनं एकसारख्या घासायचो. प्लॅन पाटावर पसरायचा, त्यावर स्पार पिनांनी पक्का करायचा, रिबा उभ्या करायच्या, पुढची कड, मागची कड, मग टिश्यू, मग डोप. डोप सुकताना टिश्यू ताणला जायचा आणि टिचकी मारली की पंख वाजायचा.

भाची: किती दिवस लागायचे?

मामा: महिना. कधी दीड महिना.

भाची: आणि पडलं तर?

मामा: पडू द्यायचं नाही.

भाची: मामा, तूच सांगितलंयस, तुमच्यात विमान एकजण उडवायचा. बाकीचे तारा सोडायला आणि इंजिन चालू करून द्यायला.

मामा: अगं, तारांवरचं विमान होतं ते. पंधरा-वीस मीटरच्या दोन पोलादी तारा, मध्ये उभं राहून गोल फिरायचं, मनगट हललं की एलिव्हेटर हलायचा. चुकलं की डोळ्याचं पातं लवायच्या आत जमिनीत. महिन्याचं काम नवशिक्याच्या हातात कोण देईल?

भाची: कोणी देणार नाही, आणि दिलंही नाही. म्हणून ज्यांनी महिनाभर पॉलिश पेपर घासला त्यांतले कितीतरी जण विमान न उडवताच कॉलेजातून बाहेर पडले. माझ्याकडे तेरा वर्षांची मुलगी स्वतः केलेलं विमान स्वतः उडवते आणि स्वतःच पाडते. नाक चुरगळतं. पुढच्या शनिवारी ती नवं नाक लावून पुन्हा मैदानात असते.

मामा: म्हणजे पाडायला शिकवतेस.

भाची: पडल्यावर का पडलं ते शोधायला शिकवते. त्यासाठी आधी पडावं लागतं, आणि पडणं परवडावं लागतं.

इथे साहित्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण फोमबोर्ड म्हणजे नेमकं काय यावर पुढचा सगळा वाद उभा आहे. मध्ये पॉलिस्टायरीनचा हलका, बारीक पोताचा फोम आणि दोन्ही बाजूंना चिकटवलेला कागद. एकूण जाडी साधारण ५ मिलिमीटर. शाळेच्या प्रोजेक्टसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तोच. दुकानदार पुष्कळदा त्याच्या जागी सनबोर्ड काढून देतात. तो पीव्हीसीचा असतो, वरून तसाच पांढराशुभ्र, पण वजनानं कितीतरी पट जड, आणि विमानाला अगदी निरुपयोगी. कागदाच्या फोमबोर्डातही चौरस मीटरला ३०० ग्रॅमपासून ६०० ग्रॅमपर्यंत फरक पडतो. अमेरिकेत ओहायो राज्यात २०१० साली सुरू झालेल्या ‘फ्लाइट टेस्ट’ या गटानं तिथल्या स्वस्त दुकानातल्या हलक्या फोमबोर्डावर विमानं बेतली, त्यांचे प्लॅन फुकट वाटले, आणि जगभर हा छंद त्यामुळे पसरला. पण त्यांचा प्लॅन आपल्या दुकानातल्या जड बोर्डावर जसाच्या तसा कापला, तर विमान सुरुवातीलाच दीडपट वजनाचं होऊ शकतं. लेक दुकानात जाताना पिशवीत छोटा वजनकाटा घेऊनच जाते.

मामा: कागद आणि थर्माकोल. त्याला विमानाचं साहित्य कसं म्हणायचं?

भाची: मॉस्किटोला विमान म्हणतोस ना?

मामा: म्हणजे काय! दुसऱ्या महायुद्धातलं सगळ्यात देखणं विमान. सगळं लाकडी.

भाची: त्याचं धड कशाचं होतं, सांग.

मामा: बर्चचा प्लायवूड, मध्ये बाल्सा, पुन्हा प्लायवूड.

भाची: मग फोमबोर्ड काय आहे? कागद, मध्ये फोम, पुन्हा कागद. बाहेरचे दोन पापुद्रे ताण आणि दाब घेतात, मधला हलका थर त्यांना एकमेकांपासून लांब ठेवतो. जितके लांब, तितकं ताठ. मॉस्किटो १९४० साली ज्या तत्त्वावर उडालं, त्याच तत्त्वावर माझ्या मुलांचा पंख उभा असतो. आणि मुलांना ते हाताला कळतं. एका बाजूचा कागद कटरनं कापला की बोर्ड तिथे एकदम मऊ पडतो. उरलेला कागद बिजागरीसारखा वाकतो. तिथला फोम पंचेचाळीस अंशात तासून काढला की पंखाची हलणारी पट्टी, एलेरॉन, तयार. ताकद पापुद्र्यात असते हे सांगायला मला फळ्यावर आकृती काढावी लागत नाही.

भाऊ यावर गप्प राहिला. त्याला मॉस्किटोचा दाखला आवडला होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण तो हटणारा नव्हता.

मामा: ठीक. तत्त्व तेच. पण तुमच्या हातातली काळजी गेली. आम्ही बाल्साची प्रत्येक पट्टी तोलून घ्यायचो. एकाच मापाच्या दोन पट्ट्या, एक दुसरीच्या दुप्पट जड निघते, लाकूडच तसं आहे. हलकी शेपटाला, जड स्पारला. डाव्या-उजव्या पंखांचं वजन सारखं. तुझी मुलं काय करतात? नाक तुटलं की गोंद. पुन्हा तुटलं की आणखी गोंद, वर टेप, आत बार्बेक्यूची काडी. मग नाक जड झालं म्हणून शेपटाला नट बांधायचा. मागच्या खेपेला मी एक विमान उचललं आणि मला वाटलं, वीट उचलली. तसलं विमान उडत नाही. मोटर त्याला ओढून नेते.

भाची: ते विमान जड झालं होतं, मान्य आहे.

मामा: ‘जड झालं होतं’ म्हणून सोडून देऊ नकोस. वजन वाढलं की काय होतं ते ताईला विचार.

मला विचारलं म्हणून मी कागद घेतला. मुलं करतात ते शिकाऊ विमान धरलं : पंख १.२ मीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद, म्हणजे २४ चौरस डेसिमीटर क्षेत्रफळ. वजन ७५० ग्रॅम. चौरस डेसिमीटरला ३१ ग्रॅम भार आला, नवशिक्यासाठी चांगला. अशा विमानाला हवेत तग धरायला कमीत कमी ताशी २७ किलोमीटर वेग लागतो. त्याखाली पंख हवा सोडतो आणि विमान खाली बसतं. आता गोंद, टेप, नट आणि जड बोर्ड मिळून वजन १,१०० ग्रॅम झालं असं समजा. किमान वेग ताशी ३३ किलोमीटरवर जातो. सहाच किलोमीटर वाढले, असं वाटतं. पण पडतानाची ऊर्जा वजनाच्या प्रमाणात आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दोन्ही मिळून ती दुपटीहून जास्त होते. जड विमानाला उतरायला जास्त लांब मैदान लागतं, विचार करायला मुलाला कमी वेळ मिळतो, आणि आपटलं की जास्त मोडतं. मग जास्त गोंद लागतो. भाऊ ज्याला काळजी म्हणतो ती या गणितातून येते, आणि या मुद्द्यावर मी पूर्ण त्याच्या बाजूची आहे. पडायला परवडणारं विमान हलकंच असावं लागतं.

भाची: एक मात्र सांगू दे. पंख आम्ही रबरबँडनं बांधतो. आपटलं की तो सुटून बाजूला पडतो, मोडत नाही. मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी आणि मोटर बसवायची पुढची प्लायवूडची फायरवॉल हे सगळं एका वेगळ्या खोक्यात असतं. दोन काड्या काढल्या की खोकं बाहेर. धड कामातून गेलं तर तेच खोकं दुसऱ्या विमानात बसतं. महाग वस्तू वाचते, स्वस्त वस्तू मोडते. हे आपोआप झालेलं नाही, कोणीतरी विचार करून बेतलंय.

मामा: खोक्याची युक्ती चांगली आहे. पण खोक्याच्या आत काय आहे, ते तुझ्या मुलांना ठाऊक आहे का? आमचं इंजिन आम्हाला माहीत होतं. इथर, केरोसीन आणि एरंडेल आम्ही स्वतः मिसळायचो. डोक्यावरचा स्क्रू आवळला की कॉम्प्रेशन वाढायचं, सुई फिरवली की इंधन कमी-जास्त. पंख्याला बोटानं फटका मारून चालू करायचं, आणि आवाजावरून ओळखायचं की इंधन कमी पडतंय की जास्त जातंय. कपड्यांचा वास आठवडाभर जायचा नाही. तुमची मोटर डब्यातून काढली, तीन तारा जोडल्या, फिरली. यात शिकायला काय उरलं?

भाची: आकडे उरले. तुम्हाला इंजिनाचा आवाज ऐकून अंदाज करावा लागायचा. आम्हाला मोजता येतं.

यानंतर ती जे बोलली ते मी जवळजवळ पूर्ण देते, कारण फोमबोर्डची विमानं करणाऱ्या बहुतेकांची गाडी इथेच अडते.

भाची: मोटरवर २२१२ असं लिहिलेलं असतं. आतला तारा गुंडाळलेला भाग २२ मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर उंचीचा. पुढे १००० केव्ही. मुलांना वाटतं किलोव्होल्ट. तसं नाही. एका व्होल्टला मिनिटाला हजार फेरे, तेही प्रॉप, म्हणजे पंखा, न लावता. तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, लिपो, ११.१ व्होल्टची, म्हणजे मोकळी मोटर ११ हजार फेरे मारेल. १० इंच व्यासाचा आणि साडेचार इंच पिचचा प्रॉप लावला की हवा कापताना ते आठेक हजारांवर येतात. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप किती पुढे सरकू बघतो. साडेचार इंच गुणिले आठ हजार, म्हणजे मिनिटाला ९१४ मीटर, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर. आईनं काढलेला किमान वेग २७. त्याच्या दुप्पट मिळाला, तर शिकाऊ विमानाला पुरेसा आहे. हा हिशोब आठवीतला मुलगा करू शकतो.

मामा: आणि मोठा प्रॉप लावला तर?

भाची: तिथेच मोटरी जळतात. ८ इंची काढून १० इंची लावला आणि फेरे तेवढेच हवे म्हटलं, तर लागणारी शक्ती अडीच-तीनपट होते. दिसायला दोनच इंचांचा फरक. मोटर बिचारी तेवढे फेरे गाठायला बॅटरीतून करंट ओढत राहते. १४०० किंवा २२०० केव्हीच्या मोटरला कुणी तोच १० इंची प्रॉप लावतं, कारण मित्राच्या विमानावर तो चांगला चालला होता. मित्राची मोटर १००० केव्हीची होती हे कुणी बघत नाही. अर्ध्या मिनिटात मोटरच्या तारेवरचं लाखेचं आवरण जळाल्याचा वास येतो, नाहीतर ईएससी जाते.

मामा: म्हणजे उतरवून घेतात. मी तेच म्हणत होतो. यादी उतरवतात, वस्तू मागवतात, जोडतात.

भाची: काहीजण. माझ्याकडे तसं चालत नाही. बॅटरी आणि ईएससीच्या मध्ये वॉटमीटर लावायचा. विमान घट्ट धरायचं, प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, आणि पूर्ण थ्रॉटल द्यायचा. १५ अँपिअर, ११ व्होल्ट : १६५ वॉट. ईएससी ३० अँपिअरची आहे, म्हणजे जागा शिल्लक आहे. विमान ८०० ग्रॅम, म्हणजे किलोला २०० वॉटच्या वर. शिकाऊ विमानाला किलोला ११० ते १५० पुरतात, त्यामुळे उडताना थ्रॉटल अर्ध्याच्या आसपास राहतो आणि करंट सरासरी सातच अँपिअर पडतो. २,२०० मिलिअँपिअर-अवरच्या लिपोतलं ८० टक्के वापरायचं ठरवलं, तर १५ मिनिटं उड्डाण. मुलं आधी हा आकडा वहीत लिहितात, मग घड्याळ लावून उडवतात, आणि मग दोन्ही ताडून बघतात. वजनकाट्यावर मोटर उलटी बसवून ती खाली किती ग्रॅम ढकलते हेही मोजतात. तुझ्या इंजिनाचा जोर तू कधी मोजलास?

मामा: नाही मोजला. मोजायला काही नव्हतं.

भाची: मग आता आहे, तर आम्ही का मोजू नये?

मला वाटतं, शिकवण्याचं साधन म्हणून विजेच्या मोटरचं खरं बळ या मोजता येण्यात आहे. ओहमचा नियम, शक्ती, ऊर्जा, वेग हे आम्ही शाळेत वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो आणि मुलं ते वेगवेगळे पाठ करतात. इथे ते एका वायरीवर एकत्र येतात. ही सोय फार जुनी नाही. ब्रिटनमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे विजेवर चालणारं रेडिओ-नियंत्रित विमान ३० जून १९५७ रोजी उडवलं, तेव्हा त्याला चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या लागल्या होत्या. पुढची चाळीसेक वर्षं बॅटऱ्यांच्या वजनानं विजेची विमानं रांगतच राहिली. निओडिमियमची चुंबकं १९८०च्या दशकात आली, आणि या शतकाच्या सुरुवातीला लिथियम-पॉलिमर बॅटऱ्या या छंदात उतरल्या, तेव्हा कुठे चित्र पालटलं. त्याच काळात काही छांदिष्टांनी मोडक्या सीडी ड्राइव्हमधल्या मोटरी उघडल्या, त्यांत जाड तार नव्यानं गुंडाळली, ताकदवान चुंबकं बसवली आणि ब्रशलेस मोटरी घरी तयार केल्या. आज काही शे रुपयांना मिळणाऱ्या मोटरीला त्या टेबलांवरच्या कामाचा आधार आहे. ‘डब्यातून काढली आणि फिरली’ असं भाऊ म्हणतो, तेव्हा मला ती टेबलं दिसतात.

मामा: विजेबद्दल मी फार भांडत नाही. तेलाचे हात घेऊन शाळेत जाता येत नाही, कबूल. पण बाल्साला मोडीत काढू नका. मेनार्ड हिल यांचं मॉडेल विमान अटलांटिक ओलांडून गेलं, ऑगस्ट २००३ मध्ये. न्यूफाउंडलंडहून आयर्लंड, तीन हजार किलोमीटर, ३८ तास ५२ मिनिटं. वजन पाच किलोच्या आत, इंधनासकट. हिल तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. बाल्साचं विमान, आणि हातानं चाचपून केलेलं! फोमबोर्डचं विमान तीन हजार किलोमीटर जाईल?

भाची: नाही जाणार. पावसाळी हवेत कागद ओल धरून सुटायला लागतो. वैशाखातल्या उन्हात गाडीत ठेवलं तर गरम गोंद मऊ पडतो, आणि फायरवॉल हलली की मोटरचा कोन बदलतो. हे दोष मला माहीत आहेत. पण हिल यांनी सुरुवात अटलांटिकपासून केली नव्हती, मामा. त्यांनी आयुष्यभर विमानं केली, मोडली, पुन्हा केली. माझ्या मुलांना ते ‘पुन्हा’ हवंय.

मामा: आणि ते जे मोडून टाकता, त्याचं काय? २०१८ साली आपल्या राज्यात थर्माकोलचे पेले आणि ताटल्या बंद झाल्या, गणपतीची मखरं बंद झाली. मखर करणारे कारागीर तापल्या तारेनं थर्माकोल इतका सफाईनं कापायचे की बघत राहावं. त्यांच्या पोटावर पाय आला, तरी आपण म्हटलं, कचरा होतो, बंद करा. आणि तू शाळेच्या मुलांच्या हातात तोच पॉलिस्टायरीन देतेस. बाल्सा मातीत जातो.

या प्रश्नाला लेकीनं लगेच उत्तर दिलं नाही. तिनं बाल्साची दुसरी बाजू मांडली : जगातला बहुतेक बाल्सा इक्वेडोरमधून येतो, पवनचक्क्यांच्या पात्यांसाठी २०१९-२० च्या सुमारास त्याची मागणी इतकी भडकली की तिथल्या जंगलातली, आदिवासींच्या भागातली झाडं बेसुमार तोडली गेली, आणि इथे मॉडेलवाल्यांना लाकूड मिळेना. ते खरं आहे. पण त्यामुळे फोमचा कचरा कमी होत नाही, हे तिलाही ठाऊक आहे. तिच्या वर्गात मोडलेल्या विमानांचे सपाट तुकडे एका खोक्यात जमा होतात आणि नवीन शेपटं, एलेरॉन, सर्व्होची झाकणं त्यांतूनच कापायची असा नियम आहे. तरी शेवटी उरतं ते उरतंच. भावाचा हा आक्षेप मला अनुत्तरित वाटतो आणि तो तसाच इथे ठेवते.

मामा: मग तुझं म्हणणं काय? बाल्सा बंद?

भाची: नाही. पहिलं विमान फोमबोर्डचं. तीन चॅनेलचं : थ्रॉटल, रडर, एलिव्हेटर. पंखाला दोन्हीकडे वर कल, म्हणजे स्टिक सोडली की विमान आपोआप सरळ होतं. पेनो नावाच्या संशोधकानं १८७१ साली पॅरिसच्या बागेत रबराच्या पिळावर ११ सेकंद उडवलेलं विमान असंच स्वतःला सावरणारं होतं. ते शिकल्यावर चार चॅनेल. आणि ज्याला हात लावायची गोडी लागेल, तो येईल तुझ्याकडे बाल्सा शिकायला.

मामा: माझ्याकडे येईल तेव्हा मी पहिल्यांदा काय करायला लावीन, माहीत आहे? सीजी, म्हणजे गुरुत्वमध्य. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक-तृतीयांशाच्या मध्ये दोन बोटांवर विमान धरायचं. शेपूट खाली गेलं, तर ते विमान हातातून सोडायचं नाही. तुझ्या वर्गात एक मुलगा ते न बघताच फेकायला निघाला होता.

भाची: मी थांबवलं त्याला.

मामा: तू होतीस म्हणून. तू नसशील तेव्हा कोण थांबवेल? हे त्याच्या अंगात मुरलं पाहिजे. महिनाभर काम केलेला माणूस हातातून सोडण्याआधी दहा वेळा बघतो. दोन तासांत केलेला एकदाही बघत नाही.

भाची: मग ये ना शनिवारी. तूच बघायला लाव.

तो आता जातो. फेकण्याआधी विमान त्याच्या हातात द्यायचं, त्यानं सीजी बघितल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही, अशी पद्धत पडली आहे.

ज्यांना आपल्या शाळेत किंवा सोसायटीत हे सुरू करायचं आहे, त्यांना माझं सांगणं असं. शाळेतलं पहिलं विमान फोमबोर्डचं असावं, या निर्णयावर मी आले आहे. बाल्सा मला परका नाही, घरात तो भावाच्या कॉलेजच्या दिवसांपासून आहे. पण जे विमान मोडायची भीती वाटते, ते मूल उडवत नाही, आणि न उडवता विमान कळत नाही. खरेदीला निघाल्यावर मोटरीच्या आधी वजनकाटा घ्या, मग वॉटमीटर, मग लिपोचा प्रत्येक सेल समान भरणारा चार्जर. फेविक्विक फोमला खातो, तो दूर ठेवा. ग्लू गन आणि पाण्याचा गोंद चालतो. लिपोचा सेल ४.२ व्होल्टच्या वर भरू नये, वापरून झाल्यावर ३.८ च्या आसपास आणून ठेवावा, फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये, आणि चार्जिंग चालू असताना मोठं माणूस खोलीत असलंच पाहिजे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार छंदासाठीचं मॉडेल नजरेच्या टप्प्यातच उडवायचं असतं. मोकळ्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मुभा आहे. त्याहून जवळ परवानगी लागते. तुमचं मैदान कुठे पडतं ते ‘डिजिटल स्काय’ या सरकारी नकाशावर आधी बघून घ्या.

आणि गावात कुणी जुना एअर विंगवाला असेल, तर त्याला शनिवारी बोलवा.